कात्याचं जॅकेट

मुलीकडे न्यूझीलंडला राहतो, तिथली गोष्ट. अवोन्डेलमध्ये आमच्या शेजारी कात्या नावाची जर्मन पोरगी आहे. केस हिरवे, नाकात कडी. पंक बँडमध्ये गाते आणि घरभाडेवाढीविरुद्धच्या मोर्चांत सगळ्यांत पुढे असते.

एकदा तिचं जॅकेट वाऱ्याने आमच्या अंगणात पडलं. बाह्या फाटलेल्या, जागोजागी सेफ्टी पिना. मी चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस, मला बघवेना. पिना काढल्या, सगळं शिवलं, इस्त्री करून नेऊन दिलं.

ती रडकुंडीला आली. मुलगी धावत आली, तिचं ऐकून घेतलं आणि माझ्यावरच ओरडली, "बाबा, काय केलंत! एकेक भोक एकेका मोर्चातलं होतं. दुपारी तिचा कार्यक्रम आहे. उसवून द्या आधी!"

"मी उसवत नाही. तिला म्हणावं, फाड."

कात्याने ओढलं. मग तिच्या ड्रमवाल्याने दुसरी बाजू धरून ओढलं. तो गवतावर आपटला, टाका हलला नाही.

"सांग त्यांना," मी म्हणालो, "सरकार पडेल, माझी शिवण उसवणार नाही."

मुलीने सांगितलं. कात्या पोट धरून हसली, जॅकेट तसंच अंगात चढवलं आणि आम्हालाही कार्यक्रमाला ओढून नेलं.

तिथे कानठळ्या बसवणारा गोंगाट. शेवटी सगळा हॉल तिच्यामागे जर्मनमध्ये एकच ओळ ओरडायला लागला. मुलीने बाजूला उभ्या एका जर्मन पोराला अर्थ विचारला आणि माझ्याकडे वळली.

"बाबा, तुमचंच वाक्य आहे!"

तोवर मी कानांवर हात ठेवले होते. मग काढले.