चोरीचं कागदावरचं नाव

मला अडाणी म्हणता ना, मग ऐका. परवा मी कॉलेजातल्या मॅडमचं काम करून दिलं.

माझी नात गुन्हेशास्त्र शिकते. तिचा प्रश्न असा, की कारखान्यात पहारा वाढवला तर कामगारांची चोरी कमी होते का? त्यावर जगात जेवढं संशोधन झालंय, तेवढं शोधून एकत्र तपासायचं. निजामपुऱ्यातल्या सायबर कॅफेत मी सोबतीला बसलो होतो. चोरीचे इंग्रजी शब्द टाकून टाकून पोर रडकुंडीला आली.

"आबा, चारच लेख मिळाले. उद्या मॅडम विषयच रद्द करतील."

"मिळतील कसे? कुठला शेठ कागदावर चोरी लिहितो? पोलीस दारात बोलवायचेत काय त्याला? आमच्या लूमच्या कारखान्यात सूत गेलं की हिशेब ठेवणारा मेहताजी वेस्टेज लिहायचा, नाहीतर शॉर्टेज. तेही टाक की."

तिने टाकलं, आणि पडदा खालपर्यंत भरला! मी खुर्चीवरून उठलोच.

कॅफेवाला म्हणाला, "चाचा, लॉटरी लगी क्या?"

"लगी," म्हटलं, "तू अपना काम कर."

आता त्यातलं कामाचं निवडायला तिला महिना लागेल, पण मॅडमनी विषय पास केला. घरी येऊन नात मलाच विचारते, "पण आबा, ते वेस्टेज नव्हतं, चोरीच होती, हे तुम्हाला एवढं पक्कं कसं माहीत?"

मी म्हटलं, "तुझा बाप ज्या पाळण्यात झोपला ना, त्याची दोरी त्याच सुताची होती. हे मात्र मॅडमना लिहून देऊ नको."