दफनभूमीतला नळ

बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे सोलांज आणि तिची शेजारीण ह्युगेत या दोघी म्हाताऱ्या उभ्या होत्या.

“काल तुझा तिबो दिसला मला,” ह्युगेत म्हणाली.

“माझा पोरगा? इथं?”

“दफनभूमीतल्या नळावर बाटल्या भरत होता. रेल्वेचे रूळ काढून सायकलींचा रस्ता केलाय ना, त्यावरून जाणारे सगळे तिथंच पाणी भरतात.”

“बापाच्या कबरीपाशी गेला?”

“गेला की. बराच वेळ उभा होता.”

“तिथून माझं दार दिसतं, ह्युगेत!”

“ते तूच लावलंस, बाई. बापाच्या दफनाला सायकलीच्या तंग चड्डीत आला म्हणून चारचौघांत हाकललंस त्याला.”

“रागात बोलतं माणूस. माझी चौकशी तरी केली?”

“आधी तीच केली. आई कशी आहे, म्हणाला.”

“मग तू काय सांगितलंस?”

“तू सगळ्यांना सांगायला लावतेस तेच. ठणठणीत आहे, तिला कुणाची गरज नाही.”

“आणि तो?”

“‘बरं झालं’ म्हणाला. सायकलवर बसला आणि गेला.”

रांग पुढं सरकली. सोलांज तिथंच उभी राहिली.

“अगं, ‘जरा बरं नाही तिला’, एवढं तरी म्हणायचंस!”