महाडच्या काकूंची पिठी

—तो स्टोव्ह ठेवा खाली, मास्तर. हां, आनि ती लोनच्याची बरनीपन. तुमाला प्रतापगड चढायचाय की गडावर बिऱ्हाड थाटायचंय? चार पोरं, दोन दिवस, नि सामान बघा — पितळी डबे, बटाटे, वर पोळपाट. पोळपाट कोन नेतं हो घाटात? पोलादपुरातनं वर लोकांची ओझी वाहून माझ्या खांद्याला घट्टे पडले, पन पोळपाट नाय वाहिला कदी. ह्या गोमाजीचं ऐका. एक टोप घ्या, एक पळी, पुडीत मीठ. तांदूळ नको, पोहे घ्या — भाताला जळन लागतं, नि वर जळन मिळतं ते वल्लं, फुकून फुकून डोळे जातील. नारळबी नको, करवंटी कशाला वाहायची? सुकं खोबरं किसून भाजून घ्या. सुकटीचं मी बोलत नाय, तुमी नाक मुरडाल, पन एवढं सांगतो, जन्म फुकट गेला तुमचा.

आनि सगळ्यांत वरती ही पिठी. कुळीथ खरपूस भाजायचे, जात्यावर दळायचे, त्यात मिरची, सुकवलेला लसून, आमसुलाची पूड, सगळं आतच. उकळत्या पान्यात दोन मुठी सोडा नि ढवळत राहा, बस्स. मघाशी चिमूटभर जिभेवर टाकलीत नि डोळे मिटलेत ना? बघितलं मी. पावशेरात चार पोरं जेवतात, नि खांद्याला कळतसुदिक नाय.

कोनाच्या हातची? हे बघा, विचारलंत. सगळेच विचारतात, आदी चाटतात नि मंग विचारतात. महाडच्या एका काकूंच्या हातची. सोवळ्यातल्या, विधवा, देवमानूस बाई — निर्धास्त खा.

काय म्हनालात? सोवळ्यातल्या काकू नि लसून?

...बारा वर्षं, मास्तर. वकील झाले, मामलेदार झाले, शास्त्रीबुवा झाले एक — ते तर दोनदा मागून जेवले — कोनाच्या टाळक्यात आलं नाय हे. का आलं नि गिळलं, देव जाने. बरं, आता झाकून काय करू? महाडात काकूबिकू कोन नाय. पिठी माझ्या बायकोची, रंगूची. कुनब्याच्या घरची म्हटलं तर तुमी लोक हात लावनार नाय, म्हनून मी एक काकू उभी केली. माझं काय चुकलं? चुकलंच म्हना.

झालं काय, साताऱ्याचे एक वकील पिठीवर असे खूश झाले की त्यांनी काकूंना म्हनून पार्सल धाडलं. मला वाटलं लुगडं असंल. न उघडता रंगूच्या हातात दिलं, तेबी शेजारची प्रयागबाई बसलेली असताना. रंगूनं सोडलं, तर आत तांबडंलाल आलवन. तुमच्यातल्या विधवा नेसतात ते. मी समोर उभा, धडधाकट, नि बायकोच्या मांडीवर ते. सगळं सांगावं लागलं मला. रडली नाय हो ती. रडली असती तर बरं झालं असतं. घडी घालून माझ्या हातात दिलं नि तुडीलला भावाकडं गेली. तीन म्हैने. तीन म्हैने मी जळकी भाकर खातोय, मास्तर, नि ही तुमच्या पुढ्यातली पिठी शेवटची.

आता तिचा भाऊ तिला घेऊन आलाय. ती त्या दाराआड बसलीय, बोचकं मांडीवर, गाठ तशीच. म्हनते, गिऱ्हाइकापुढं माझं नाव घ्या, मी ऐकते, मंग ठरवते. म्हनून मघापासनं मी पोहे नि खोबरं करत वेळ काढतोय तुमच्यापुढं. सवयीनं परत काकूच आली तोंडात, ऐकलंत ना तुमी. लय वाईट तोंड हाय माझं.

तर ऐका, मोठ्यानं सांगतो. ही पिठी रंगूबाईच्या हातची. गोमाजीच्या बायकोच्या. तिनंच भाजली, तिनंच दळली.

उठलात? पुडी ठेवून? बरं, ठेवा. पोरांना सांगा, काकू वारल्या. नाय, थांबवत नाय मी, दुसरा हमाल मिळंल नाक्यावर. जा, ऊन चढायच्या आत घाटाला लागा.

गेला गो मास्तर. ऐकलंस ना तू? ...रंगू? ...नको बोलूस. पन ती गाठ तरी सोड.