लंगोट की डायपर

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. त्यांच्या बाळाला लाल पुरळ उठलं होतं.

“डायपर बंद कर, म्हटलं नव्हतं व्हय?”

“केलंय की, आत्या. त्यानं पुरळबी उठतंय, आन् टाकलेला डायपर कुजतबी न्हाय.”

“मग लंगोट बांध.”

“दिसाला पंधरा लंगोट! नळ एक दिसाआड. धुवू कशात?”

“मग कायबी बांधू नको. उघडं फिरू दे.”

“काल उघडंच होतं. तुमच्या वाकळंवर मुतलं.”

“आन् मी तिच्यावरच झोपलो?”

“धुवायला बॅरलभर पाणी लागतंय. उन्हात टाकली नुसती.”

सासू माझ्याकडे वळली.

“ताई, तुम्ही काय बांधताय?”

“लंगोट,” म्हणत मी माझ्या मांडीवरच्या बाळाचं दुपटं खाली ओढलं. आतला डायपर करकरला.