टी. जिनाप्पा कोण?

जिनाप्पा : ...मिटलेस डोळे, दीप्ती? आता समज, आपलं अंग म्हंजे निपाणी गाव. वेशीवर राखणदार उभे हाईत. परका दिसला की धरायचा, आपला दिसला की सोडायचा.

दीप्ती : आणि वळखायचं कसं, आज्जा?

जिनाप्पा : त्येच तर तुझी आत्या शोधती. कधीमधी राखणदार चुकतोय. आपल्याच माणसाला परका समजून झोडपतोय. मग दुखणं येतंय. कळलं?

दीप्ती : व्हय. आत्या, चल की जेवायला! दिवस बुडाय आलाय.

त्रिशला : तुम्ही घ्या जेवून. माझं संपलं नाही अजून.

जिनाप्पा : सकाळधरनं त्या कम्प्युटरला चिकटलीयस. आपण जैन माणसं, दिवस बुडाल्यावर तू खाणार हाईस व्हय? उपाशीच निजशील.

त्रिशला : आप्पा, नावदुरुस्तीच्या अर्जाची आज शेवटची मुदत आहे. उद्या कमिटी बसली की माझी प्रयोगशाळा दुसऱ्याच्या हातात जाईल.

जिनाप्पा : का म्हणून? तुझ्या लेखाचं लई नाव झालंय म्हणालतीस.

त्रिशला : लेखाचं झालंय, माझं नाही. जपानपासून जर्मनीपर्यंत लोक आपल्या लेखांत त्याचा उल्लेख करतात. पण त्याच्यावर नाव काय? टी. जिनाप्पा.

जिनाप्पा : मग? माझंच नाव की.

त्रिशला : तेच तर! इकडं कॉलेजात कर्नाटकी पद्धतीनं मला वडिलांचं नाव लावलं, आडनाव गाळलं. पुण्याला गेले, पासपोर्टात चौगुले आलं. पुढचे सगळे लेख टी. जे. चौगुले. लेखांचे उल्लेख मोजणारी एक वेबसाइट आहे, तिला या दोन वेगळ्या बायका वाटतात. कमिटी एकट्या चौगुलेबाईंचं मोजते आणि म्हणते, बाईंचं काम कुणी वाचत नाही.

जिनाप्पा : कळवायचं न्हाय का त्यास्नी?

त्रिशला : कळवून कळवून थकले! म्हणाले, दोघी एकच असल्याचा पुरावा द्या. दिला, तर कन्नडमधला चालत नाही. भाषांतर करून घेतलं, तर त्यात चौगुलेचं स्पेलिंगच वेगळं. आता तिसरी बाई तयार झाली!

जिनाप्पा : हसू नको गं दीप्ती.

त्रिशला : हसू दे. पुढचं ऐका. नव्या लेखात मी माझ्याच जुन्या लेखातली चूक दाखवली. तपासणाऱ्यानं शेरा मारला, ‘ज्येष्ठ संशोधक जिनाप्पा यांच्याविषयी चौगुलेबाईंनी अदबीनं लिहावं.’

जिनाप्पा : त्ये मातर बरोबर हाय. बापाबद्दल अदबीनंच लिवावं.

त्रिशला : चेष्टा नको, आप्पा! त्या लेखापायी डोळे फोडून घेतले मी. आणि आता मलाच विचारतात, तुम्ही कोण.

दीप्ती : आज्जा... म्हंजे राखणदारानं आत्यालाच परकी समजलं?

जिनाप्पा : ...व्हय बाळ. तसंच झालं बघ.

त्रिशला : हं. घ्या, पाठवला पुन्हा तोच अर्ज, तेच कागद. उद्या तेच उत्तर येईल. चला, वाढा.

(दीप्ती आत पळते. ताटं मांडल्याचा आवाज.)

त्रिशला : दीप्ती, आज्जाचं ताट तिकडं आहे. मग माझ्या शेजारी हे कुणाचं गं?

दीप्ती : जिनाप्पाबाईंचं. सकाळधरनं त्या बी उपाशी हाईत.