शाळेसमोरचा रस्ता

ओयदिन : ते तोंडावरचं आधी काढ, मग बोलू. नोकरी मागायला आलीस ना? मी काय नुसत्या डोळ्यांना कामावर ठेवू?

मुहय्यो : काढते, ओपा. तुम्हीपण काढा ना. तुमचेही मला डोळेच दिसतायत.

ओयदिन : थोरली बहीण म्हणून ओपा म्हणतेस, आणि जीभ बरी चालते गं! माझा हा रुमाल कामाचा आहे. पहाटे पाचपासून बाजाराची धूळ खातेय मी. ही बघ हनुवटी. हे नाक. झालं समाधान? आता तू.

मुहय्यो : दाराला कडी लावू?

ओयदिन : लाव. पण इथे येतंय कोण! माझ्या अकरा जणी रस्त्यावर आहेत. ह्या पत्र्याच्या खोलीत झाडू, घमेली आणि मी. हं, बस. मुहय्यो ना तू? चिनारांच्या गल्लीतल्या सुतारांची सून?

मुहय्यो : हो.

ओयदिन : चांगला चेहरा आहे की! मला वाटलं, भाजलंबिजलं असेल.

मुहय्यो : सगळ्यांना तसंच वाटतं.

ओयदिन : चहा घे. नान कालचं आहे, बुडवून खा. आता स्पष्ट सांगते. मला ते काळं काही आवडत नाही. आमच्या मार्गिलानमध्ये बायका कसे रंग घालायच्या! रेशमाचं गाव हे. आणि तुम्ही पोरी अशा फिरता, की घरात मयत झालंय की काय असं वाटावं.

मुहय्यो : तुम्हाला आवडायला हवं असं कुठे म्हणतेय मी? मला फक्त झाडू द्या.

ओयदिन : झाडूच का पण? शिवण येतं तुला. तुझ्या सासूनंच सांगितलंय मला. घरी बसून शिव की.

मुहय्यो : घरी बसूनच आहे, ओपा. तोंड झाकायला बंदीचा कायदा आल्यापासून. दोनदा अडवलं, दोनदा दंड झाला. तिसऱ्यांदा सापडले तर कागद कोर्टात जाणार. अकरा महिने झाले. अंगणात जाते, कपडे वाळत घालते, आत येते. आज मागच्या बोळानं इथवर आले ना, तर पाय दुखायला लागले. दोनशे पावलं असतील फार तर.

ओयदिन : मग काढून ये की बाहेर! नवऱ्याचा धाक आहे का? तो तर रशियात आहे म्हणे, बांधकामावर.

मुहय्यो : तोच फोनवर ओरडतो, काढ म्हणून. सासू म्हणते, काढ. मशिदीतल्या इमामांना विचारायला सासऱ्यांना पाठवलं, तर तेही म्हणाले, केस झाकले तरी पुरे, तोंडाची सक्ती नाही. घरात, गावात एकालाही नकोय माझा नकाब. मला एकटीला हवाय.

ओयदिन : कशासाठी?

मुहय्यो : नीटसं सांगता येत नाही मला. सहा वर्षं झाली. तो घेतला की मी माझ्याजवळ असते. आणि माझं देवाशी जे काही आहे, ते माझं आहे. तुम्हाला पटणार नाही.

ओयदिन : नाहीच पटत. बरं, झाडूचं काय ते सांग.

मुहय्यो : कायद्यात लिहिलंय, कामासाठी झाकलं असेल तर चालतं. तुमच्या सगळ्या जणी डोळ्यांपर्यंत बांधूनच झाडतात. त्यांना कोणी अडवत नाही.

ओयदिन : अस्सं! म्हणजे कायद्याला टांग मारायला माझी टोळी हवीय तुला.

मुहय्यो : टांग कसली? मी झाडणार नाही का? खरबुजांच्या बाजारातली गल्ली द्या, जिथे कोणी जायला मागत नाही. खरबुजाची एक साल जरी मागे राहिली तर हाकला मला. फक्त दुपारी तेवढा अर्धा तास शाळेसमोरचा रस्ता द्या.

ओयदिन : कुठली शाळा?

मुहय्यो : ही पलीकडची. माझी निगोरा पहिलीत आहे. सासू सोडते, सासू आणते. तिची वर्गशिक्षिका कशी दिसते ते मला माहीत नाही. पहिल्या दिवशी तिनं फुलं नेली होती, मी खिडकीतून पाहिली. सगळ्यांच्या आया फाटकाशी येतात, तुझी का येत नाही, असं मुली विचारतात तिला. काय सांगते माहितेय? माझी आई आजारी आहे. कोणी शिकवलं नाही, तिची तीच सांगते.

ओयदिन : अगं, मग त्या अर्ध्या तासापुरता तरी काढ! लेकरापेक्षा मोठं आहे का ते फडकं?

मुहय्यो : काढला होता.

ओयदिन : कधी?

मुहय्यो : मागच्या महिन्यात. काढून गेले फाटकाशी. चहा निवेल इतका वेळ उभी होते. पूर्ण वेळ माझ्या चपलांकडे बघत होते मी, ओपा. निगोरा धावत आली, हात धरला, काहीतरी चित्र दाखवत होती. मला अजून आठवत नाही ते चित्र कसलं होतं. तशी आई तिला द्यायची नाही मला. ताठ उभी राहणारी द्यायचीय.

ओयदिन : चहा पी. गार होतोय.

मुहय्यो : रागावलात?

ओयदिन : नाही गं. मला वाटायचं, ही भीती फक्त मलाच आहे.

मुहय्यो : तुम्हाला कसली भीती?

ओयदिन : धूळ काय, नाकापुरतं बांधलं तरी भागतं. मी कपाळापासून का बांधते? त्याच शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला मी. पेन्शनवर घर चालेना, म्हणून हे धरलं. लेकीच्या सासरी सांगितलंय, आई नगरपालिकेत फायली बघते. अर्धं मार्गिलान माझ्या हाताखालून गेलंय. आपल्या मोहल्ल्याचा इन्स्पेक्टर, झोहिद, तोही. चार वर्षं रोज सकाळी, काम करणाऱ्याला म्हणतात तसं म्हणतो, ‘थकू नका, ओपा’. मी नुसती मान हलवते. बोलले तर आवाज ओळखेल. तेव्हा तुझं तू बघ बाई. टोळीकडे चारचौघांचं लक्ष जाईल असं मला काही नको. मला हा रुमाल जपायचाय.

मुहय्यो : म्हणजे तुम्हालाही कोणी काढायला लावला तर—

ओयदिन : माझं वेगळं आहे.

मुहय्यो : असेल वेगळं. पण कधी, कुठे काढायचा ते तुम्ही ठरवता. मलाही तेवढंच हवंय.

(दारावर थाप.)

झोहिद : उघडा! इन्स्पेक्टर आहे.

ओयदिन : आला बघ! झाक लवकर. थांब, मलाही बांधू दे. हं, काढ कडी. मागे भिंतच आहे, पळायला जागा नाही.

झोहिद : थकू नका, ओपा. औषधाच्या दुकानातून फोन आला, काळ्या कपड्यातली बाई इकडे शिरली म्हणून. ही का ती? ओपा, नुसती मान काय हलवताय?

मुहय्यो : मी मुहय्यो. ओळखता तुम्ही मला.

झोहिद : तुम्ही होय! अहो ताई, दोनदा हात जोडून सांगितलं तुम्हाला. नियमानुसार आता माझ्या हातात काही राहत नाही. कायदा मी केलाय का? मलाही वरून विचारणा होते. इथेच चेहरा उघडा, उघड्यानं घरी जा, मी कागदच करत नाही. चालेल?

मुहय्यो : नाही.

झोहिद : मग चौकीवर चला.

मुहय्यो : चला. पण उचलून न्यावं लागेल. चालत येणार नाही मी.

झोहिद : कशाला तमाशा करता हो! घरी मुलगी आहे ना तुम्हाला?

मुहय्यो : तिच्यासाठीच आलेय इथे.

झोहिद : इथे? झाडूंमध्ये? ओपा, तुम्हीच सांगा ही कशाला आलीय. चार वर्षांत एक शब्द बोलला नाहीत. मी तर तुम्हाला मुकीच समजतो.

ओयदिन : कामाला आलीय.

झोहिद : काय? हा आवाज...

ओयदिन : रजिस्टर बघ. बारावं नाव. बोट लावू नकोस, शाई ओली आहे.

झोहिद : आत्ता लिहिलंत? माझ्यासमोर?

ओयदिन : तुमचं भांडण चाललं होतं तेव्हा. आजपासून रुजू. कामाला तोंड झाकलेलं चालतं, तुमच्याच कायद्यात आहे.

झोहिद : धुळीचा रुमाल चालतो, ओपा. हा नकाब कामाचा कपडा नाही. हा घालून ती उंबऱ्याबाहेर आली की मी अडवणार. आणि मी उंबऱ्यातच उभा आहे.

मुहय्यो : मला काळ्याचा हट्ट नाही. पांढरा द्या, हिरवा द्या, गोणपाट द्या. बांधते.

झोहिद : मग द्या की रुमाल हिला. तारेवर एवढे टांगलेत.

ओयदिन : आत्ताच धुतलेत. पाणी ठिबकतंय.

झोहिद : आता मी तरी काय करू?

ओयदिन : भिंतीकडे तोंड करून उभा राहा, झोहिद.

झोहिद : माझं नाव कसं...

ओयदिन : वर्गात अख्खा तास खिडकीबाहेर बघायचास ना? तसाच बघ. वळलास तर याद राख.

मुहय्यो : ओपा, नको. तुमचा नको! हा वळला की तुम्हाला...

ओयदिन : कळतं मला. डोकं पुढे कर. आधी नाकावरून, मग कपाळावरून, गाठ मानेमागे. घट्ट झालं का?

मुहय्यो : नाही. ओपा, तुमचं तोंड उघडं पडलं.

ओयदिन : पडू दे. वळ रे आता.

झोहिद : बाई?

ओयदिन : हो.

झोहिद : बाई, तुम्ही? म्हणजे रोज सकाळी तुम्हीच रस्ता...

ओयदिन : झाडते. वाक्य पूर्ण करत जा, दहावीतही हेच सांगायचे. अरल समुद्र दाखव म्हटलं की ह्याचं बोट वाळवंटावर.

झोहिद : आता तो आटून तिथे खरंच वाळवंट झालंय, बाई.

ओयदिन : तेव्हाही मार्क दिलेच होते तुला.

झोहिद : मी कोणाजवळ बोलणार नाही. शपथ घेतो. माझ्या बायकोलाही नाही सांगणार.

ओयदिन : हिचं बोल. मी माझं बघेन.

झोहिद : हिचं... रुमाल पांढरा आहे. नाव रजिस्टरमध्ये आहे. रस्त्यावर असेपर्यंत माझं काही म्हणणं नाही. पण घरून इथे येताना? इथून घरी जाताना? तेव्हा ती कामावर नसते, बाई. बोळात कोणी फोन केला तर मला यावंच लागेल.

ओयदिन : तो बोळ आजपासून हिच्याच वाटणीला. झाडत येईल, झाडत जाईल. रजिस्टरमध्ये तसं लिहिते, तू सही कर.

झोहिद : मी कशाला सही?

ओयदिन : बरं, नको करूस. उद्या येऊन बघ. बोळात झाडाचं एक पान दिसलं तर मला सांग, मीच काढीन हिला.

झोहिद : बघेन. येतो मी. थकू नका... बाई.

ओयदिन : जा. दार पुढे ओढून घे.

मुहय्यो : गेला. ओपा, मी काय बोलू? तुम्ही चार वर्षं...

ओयदिन : काही बोलू नकोस, नाहीतर रडू येईल मला. आवडत नाही ते मला अजूनही आवडत नाही, हे लक्षात ठेव. नारिंगी जाकीट खुंटीवर आहे, ते चढव.

मुहय्यो : शाळा सुटायला दहा मिनिटं आहेत. रस्त्यावर सगळे असतील, मास्तर, पोरं, आयाबाया. तुम्ही उघड्या तोंडानं नका येऊ. रुमाल वाळले की या मागून. मी करते एकटी.

ओयदिन : निगोरा तुला ओळखणार कशी ह्या अवतारात?

मुहय्यो : हाक मारीन.

ओयदिन : आणि शाळा कधी सुटते, हे तू मला सांगणार? चल, दोघी जाऊ. लांब दांड्याचा झाडू घे, पानं ओली आहेत.