दोन सूत

सूत म्हंजे दोरा, एवढंच मला ठाऊक हुतं, आन् तेवढ्या शहाणपणावर मी चोवीस खुर्च्यांचा सत्यानाश केला. हसा की पावणं, मीबी हसती.

माहेर माझं नेसरीचं, शेतातलं. लग्न होऊन कोल्हापुरात आले आन् फोमच्या कारखान्यात गाद्यांची कवरं शिवायला लागले. मालकांना सगळी अण्णा म्हणायची. बायकांनी कवरं शिवायची, फोम कापायचा तो बाप्यांनीच, अशी तिथली रीत. का, तर सुरी हातभर लांब, बायकांना पेलायची न्हाय म्हणं. विळ्यानं भाऱ्याच्या भारं गवत कापून आलेली मी, आन् मला ह्ये सांगतात!

एक दिवस कापणारा गडी आला न्हाय आन् मंगल कार्यालयाच्या खुर्च्यांच्या गाद्या तर त्याच दिवशी द्यायच्या हुत्या. मी पुढं झाले, म्हणलं अण्णा, मला येतंय. काय सांगू तुम्हाला, तवा कुणी इमान चालवतीस का म्हणलं असतं तरी मी व्हय म्हणले असते. अण्णा म्हणाले, कवराच्या मापापेक्षा चारी बाजूंनी दोन सूत जास्त ठेव, आन् गेले भाईर. मी शानी! रिळाचा दोरा काढला, दुहेरी केला, खडूच्या रेघंला लावला, तेवढंच वाढवून चोवीसच्या चोवीस कापल्या. फोम कसा, कवरापेक्षा जरा मोठा असला तरच दाबून भरल्यावर कवर ताणून बसतंय. माझ्या गाद्या कवरात घातल्या तर ह्या सुरकुत्या, आज माझ्या गालाला हायत तशा. अण्णा आले, म्हणाले किती वाढवलंस गं? मी दोरा दाखवला. सगळा कारखाना पोट धरून हसला. अगं सूत म्हंजे इंचाचा आठवा हिस्सा, अण्णा वरडले, पयलं चार वर्सं कवरं शिव, मग सुरीला हात लाव.

त्ये रागात बोलून इसरून गेले, मी न्हाय इसरले. चार म्हंजे चार. बापे जेवायला बसले की मी तुकड्यांवर हात चालवायची. फोम दाबून कापला की कड आत जाती, कंबर आवळल्यागत, म्हणून हात नुसता टेकवायचा. सुरी साबणाच्या पाण्यात बुडवायची आन् एका ओढीत न्यायची, करवतीगत मागं-पुढं केलं की पायऱ्या पडत्यात. ह्ये मला कुणी शिकवलं न्हाय, तुकड्यांनी शिकवलं. चार वर्सं भरली त्या दिवशी अण्णांच्या म्होरं जाऊन उभी राहिले. म्हणलं, भरली. द्या सुरी. त्ये म्हणाले, कसली गं? मी म्हणलं, सूत म्हंजे इंचाचा आठवा हिस्सा. दिली बगा.

सगळी हयात त्या सुरीवर गेली. आन् आता अण्णांच्या लेकानं कापायची मशीन आणली. आकडं टाकायचं, आपोआप कापती. मला म्हणाला, मावशी, आता घरी बसा, ही केसभर चुकत न्हाय. मी म्हणलं, बसणारं माणूस केसभर हलत न्हाय व्हय? आन् घरी काय बसले न्हाय. रोज जाती, माझ्या कापायच्या पाटापशी बसती, बघू कोण उठवतंय.

मागल्या पावसाळ्यात अण्णा पडले, खुबा मोडला, चाकाच्या खुर्चीवर आले. लेकानं टेप लावून मशीनवर त्यांच्यासाठनं गादी कापली. टोचती. दुसरी कापली, त्ये डावीकडं कलंडाय लागले. तिसरीवर तर घटकाभरबी बसवंना, म्हातारा माणूस कळवळून दात खायचा. मी टेपला हात लावला न्हाय. पोत्यात भुसा भरून पसरला, दोघांनी धरून अण्णांना त्यावर बसवलं आन् उठवलं. भुशात बसकण उमटली, डावीकडं खोल, उजवीकडं उथळ. तसाच खड्डा मी खालच्या घट्ट फोममधी कोरला, वर मऊ थर चिकटवला, चारी बाजूंनी दोन सूत जास्त ठेवून फोम कवरात दाबून भरला. लेक हाताची घडी घालून बघत हुता.

अण्णा बसले. इकडं सरकले, तिकडं सरकले, डोळं मिटले. मग डोळं न उघडताच लेकाला म्हणाले, तुझ्या मशीनला सांग, पयलं चार वर्सं कवरं शिव म्हणावं, मग सुरीला हात लाव.